चालेलमामा आणि पिवळी जाकिटं

आमच्या मामाला गल्लीत कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे त्याला चालेलमामा म्हणतात. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव वाचून क्षणभर विचारात पडतो आणि मग म्हणतो, "अच्छा, चालेलमामांचं होय!"

मामाचं चालेल एक नाही, निदान चार आहेत. झटकन म्हटलेलं चालेल म्हणजे खरंच चालेल. लांबवलेलं, "चाऽलेल", म्हणजे अजिबात चालणार नाही, पण आता काय बोलणार. दोनदा घाईघाईने म्हटलेलं "चालेल चालेल" म्हणजे कृपा करा आणि निघा. आणि हनुवटी छातीला टेकवून, चपलेकडे बघत म्हटलेलं चालेल म्हणजे मेलो. आईला आणि मला हे चारही बरोबर ओळखू येतात. बाकी जगाला फक्त शब्द ऐकू येतो, आणि जग त्या शब्दावर कामाला लागतं.

शाळेत असताना तो दोन्ही संघांच्या कप्तानांना चालेल म्हणाला आणि सामन्याच्या दिवशी पोट दुखतंय म्हणून पांघरुणात शिरला. लग्नाच्या वयात तर त्याने कमाल केली. त्याच्या एका आत्याने एक स्थळ आणलं, दुसऱ्या आत्याने दुसरं. मामा दोघींना चालेल म्हणाला. दोन्हीकडचे लोक एकाच रविवारी, एकाच वेळी, आपापले पेढे घेऊन दारात हजर. आई सांगते, त्या दिवशी मामा मागच्या दाराने गेला तो थेट अंधार पडल्यावर परतला. लग्न राहिलं ते राहिलंच. दोन्ही आत्या मात्र एकमेकींशी अजून बोलत नाहीत.

खालच्या मजल्यावर मामा, वरच्या मजल्यावर आई आणि मी. खालची पुढची खोली म्हणजे मामाचं दुकान. तो शिवणयंत्रं दुरुस्त करतो, तीस वर्षं. मशीनच्या डोक्याला कान लावतो, चाक हाताने एकदा फिरवतो आणि सांगतो, "शटल घासतंय." त्याच्या टेबलाला पोलादी शिकंजा आहे, दोन माणसांनी उचलायचा. टेबलाभोवती गल्लीभरच्या लोकांनी "दोन दिवस ठेवा हो मामा" म्हणून ठेवलेल्या वस्तू होत्या: एक कपाट, एक पाळणा, एका गृहस्थांची हवा गेलेली सायकल, सहा वर्षं. पुराने त्यातलं बरंचसं नेलं. मामावर आजवर कुणी उपकार केला असेल तर तो एवढाच.

पूर आला तो खिडकीच्या गजांपर्यंत. दोन दिवस राहिला आणि गुडघाभर चिखल सोडून गेला. चिखल वाळायच्या आतच शिंपी लोक मशीनं घेऊन दारात आले. सगळ्यात आधी शेजारच्या शिवणकाकू. आमची आणि त्यांची मधली भिंत एकच आहे. त्या मशीनचं डोकं कडेवर लेकराला घ्यावं तसं घेऊन चिखलातून आल्या.

"मामा, हे गेलं तर मी गेले. सांगून ठेवते."

"नाही जाणार. पंधरा दिवसांत शिवायला बसाल."

संध्याकाळपर्यंत सव्वीस डोकी जमली. मामाने ती मागच्या अंगणात फळ्यांवर ओळीने मांडली, वर ताडपत्री टाकली. आईला म्हणाला, "पाण्यातून निघालेलं मशीन म्हणजे दुधासारखं असतं. आजचं आज बघायला हवं. उघडायचं, रॉकेलने धुवायचं, तेल द्यायचं. नाहीतर आतून गंज धरतो आणि सगळं एकजीव होतं." त्या रात्री त्याने सगळ्यात जास्त चिखल भरलेली दोन उघडली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. एवढ्यात ती पिवळी जाकिटं आली.

लांबच्या कुठल्यातरी गावच्या प्रार्थनामंडळाची माणसं होती ती, अकरा जण. जिथे पूर, भूकंप, वादळ, तिथे हे फावडी घेऊन जातात. खरं सांगायचं तर इतकी कामसू माणसं मी पाहिली नाहीत. सकाळी डोळे मिटून प्रार्थना, मग कंबर कसून काम, तेही हसतमुखाने. हसतमुखाने चिखल उपसणारा माणूस समोर असला की आपल्यालाच कसंतरी होतं. त्यांच्या पुढारी थोरल्या ताई. चाळीस वर्षं त्यांनी शाळा चालवलेली असणार, कारण त्या प्रत्येक वाक्यात सगळ्या वर्गाला घेत. "आता आपण काय करणार आहोत? आपण गिलावा खरवडणार आहोत. का खरवडणार आहोत? कारण ओल आत बसलेली असते." मग मान तिरकी करून मामाकडे बघायच्या. "काका, चालेल ना?"

मामा म्हणाला, "चालेल." पहिलं, खरंखुरं चालेल.

पाच दिवसांत चिखल गेला, ओला गिलावा गेला, नवा आला. आईने ताईंचे हात हातात घेतले आणि रडली. इथवर सगळं सुंदर.

सहाव्या दिवशी ताईंनी विचारलं, "काका, अजून काय करू?"

मामा म्हणाला, "नाही, आता काय... बस..."

"संकोच करू नका. फरशी थोडी उखडलीये. करायची?"

"चाऽलेल."

फरशी झाली. "अजून काय करू?" मोरीचा पाइप झाला. "अजून काय करू?" रंगाचा एक हात झाला, मग दुसरा. त्यातच कुणीतरी मामाचं टेबल शिकंज्यासकट भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलं, वर चादर घातली, चादरीवर रंगाचे डबे. अकरा जणांच्या पिशव्या, अंथरुणं, फावडी, सगळा पसारा त्याच खोलीत. चार बायका वर आमच्याकडे झोपायला. माझ्या खाटेवर त्यांच्यातल्या नर्सताई. त्या झोपेतसुद्धा "खोल श्वास घ्या" म्हणतात.

मामाला त्यांनी एक प्लास्टिकची खुर्ची दिली आणि बोळकांडीत बसवलं. तो उठला की कुणीतरी धावत यायचं. "काका, बसा. तुम्ही खूप सोसलंय." एकदा तो पान्हा घेऊन हळूच अंगणात गेला. ताडपत्रीचं टोक उचलतोय तोच मोरीचा पाइप बसवणारा प्लंबरभाऊ मागे हजर. त्याने पान्हा हातातून असा काढून घेतला, जशी लहान मुलाच्या हातातून सुरी काढतात.

"ते भंगार मी नंतर नीट लावतो, काका. तुम्ही आराम करा."

"ते भंगार नाही, म्हणजे..."

"कळतं हो. जुन्या वस्तूंत जीव अडकतो. बसा तुम्ही."

आणि मामा जाऊन बसला. समोर त्याची खोली, मागे त्याचं अंगण, आणि हा मधल्या बोळकांडीत खुर्चीवर, हातात कपबशी. दिवसातून नऊ वेळा त्याला चहा मिळायचा. रात्री वर जेवायला आला की बोटं ताटाच्या कडेवर चाक फिरवल्यासारखी फिरायची. जेवण तसंच राहायचं.

आई म्हणायची, "दादा, अरे जा म्हण ना त्यांना."

"असं कसं म्हणू? इतक्या लांबून आलेत."

पंधरावा दिवस उजाडला. शिवणकाकू दारात. त्यांचं स्वतःचं घर अजून चिखलात होतं. त्या भावाकडे राहायच्या आणि रोज येऊन एकट्याच घमेली भरून टाकायच्या. कंबरेला पदर, हाताला कोपरापर्यंत चिखल.

"काय मामा, पाहुणे अजून आहेत? की दत्तक घेतलेत?"

"नाही, ते..."

"रंग छान आहे हो. आमच्याकडे पण भिंतीला रंग आहे, चिखलाचा. माझ्या मशीनचं काय झालं?"

"करतो. आज उद्या..."

"परवा, तेरवा," काकूंनी पुढचं पूर्ण केलं आणि निघून गेल्या. गल्लीत मग बोलणं सुरू झालंच. चालेलमामांनी मदतवाले अडवून ठेवलेत. स्वतःच्या घराला तिसरा हात देतायत आणि शेजारणीच्या घरात बेडूक. मामा नळावर गेला की माणसं बोलायची थांबत. ज्याने आयुष्यात कुणाचं मन मोडलं नाही, त्याच्यावर स्वार्थी असल्याचा ठपका आला. तेही नाही न म्हटल्याबद्दल.

गुंता उलगडला तो जिन्यात. प्लंबरभाऊ खालच्या पायरीवर बसून बायकोशी फोनवर बोलत होता आणि मी वरच्या पायरीवर होते.

"अगं मी काय करू? नियम आहे आमचा. घरच्या माणसाने आपणहून 'आता पुरे' म्हटल्याशिवाय दुसऱ्या घराला हात लावायचा नाही. आपण विचारायचं पण नाही की झालं का. फक्त अजून काय करू, एवढंच विचारायचं... अगं ती जुनी गोष्ट, मंडळ एका म्हातारबाबांच्या घरातून काम झालं समजून निघालं, आणि त्यांची मोरी तुंबलेलीच राहिली. बिचारे संकोचाने बोलले नाहीत. तेव्हापासून हा नियम... हो, बाकीच्यांकडे चार दिवसांत म्हणतात गं. हे काका म्हणतच नाहीत! रोज नवीन काम काढतात! मला वाटतं, यांना फार एकटं वाटतं. ताई पण तेच म्हणाल्या. म्हणून तर आम्ही सोडत नाही."

मी हे वर जाऊन आईला जसंच्या तसं करून दाखवलं, "अगं मी काय करू"सकट. आई हसली नाही. थेट खाली गेली आणि ताईंना म्हणाली, "ताई, खूप केलंत. आता पुरे."

ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही वरच्या मजल्यावरच्या. पाण्यात घर ज्यांचं गेलं, त्यांनी म्हणायचं असतं. आपण घाई करणार आहोत का? नाही."

म्हणजे किल्ली मामाकडेच होती. नेमकी मामाकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दाढी केली, शर्ट बदलला आणि ताईंपुढे उभा राहिला. आम्ही जिन्यातून बघत होतो.

"ताई, मी म्हणत होतो..."

"बोला ना!" ताईंचा चेहरा दिव्यासारखा उजळला. मागे दहा हसरे चेहरे. प्लंबरभाऊने तर ब्रशच खाली ठेवला. "बोला, काका. मोकळेपणाने."

मामाने तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. "ती... खिडकी जरा करकरते."

तीन दिवस. सगळ्या खिडक्या काढल्या, घासल्या, बसवल्या. प्लंबरभाऊ बिजागरीला तेल घालताना तिच्याशी असा बोलत होता की इथे लिहिता येणार नाही, प्रार्थनेतला माणूस असून.

मग आम्ही वर तालीम घेतली. मी ताई झाले. मान तिरकी, हात पोटावर जुळवलेले. आईने मामाला समोर उभं केलं. "म्हण."

"काका," मी म्हटलं, "आता आपण काय करणार आहोत? आपण छताला हात लावणार आहोत. चालेल ना?"

मामाने माझ्याकडे बघितलं, हनुवटी छातीला टेकवली आणि म्हणाला, "चालेल."

आईने कपाळावर हात मारला. मला आधी हसू फुटलं, आणि मग मामाचं तोंड बघून ते घशातच राहिलं. त्याचे डोळे ओले होते. "मला तो शब्दच सापडत नाही," तो म्हणाला. "तोंडात येतो आणि समोरच्याचा चेहरा दिसतो. मग वाटतं, हा पडला तर? माझ्यामुळे?"

त्या रात्री तो टॉर्च घेऊन अंगणात गेला. वरच्या खिडकीतून मला दिसत होता. त्याने ताडपत्री उचलली, पहिल्या मशीनच्या चाकाला हात घातला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. ओळीच्या शेवटपर्यंत गेला नाही. ताडपत्री खाली सोडली, तिच्या कडा नीट दाबल्या आणि बोळकांडीत जाऊन खुर्चीवर बसला. सकाळी तिथेच सापडला.

चोविसाव्या दिवशी काकू आल्या त्या रिकामी हातगाडी घेऊन. आज चिखल नव्हता हाताला, स्वच्छ धुऊन आल्या होत्या.

"द्या माझं मशीन. बाजारातल्या मेकॅनिककडे नेते. तुम्ही बसा आपले राजवाड्यात."

मामा त्यांना अंगणात घेऊन गेला, मशीन बाहेर काढलं. काकूंनी चाकाला हात लावला आणि फिरवलं. फिरलं नाही. दोन्ही हात लावले. ढिम्म. सुईच्या दांड्यावर तांबड्या पावडरीसारखा गंज आला होता, तो त्यांच्या तळव्याला लागला.

आता सुटणार, असं वाटून मी कान टवकारले. काकूंची जीभ म्हणजे गल्लीचा करमणुकीचा कार्यक्रम. त्यांची नक्कल करताना मला नेहमी दम लागतो. पण त्या फळीच्या टोकावर बसल्या. पदराने तळवा पुसला. पुन्हा पुसला. आणि अगदी हळू म्हणाल्या, "असू दे मामा. आता काय. चालेल."

मी तो आवाज ओळखला. चौथं चालेल. हनुवटी छातीला, नजर चपलेकडे. काकूंच्या तोंडी!

मामानेही ओळखला. तो त्यांच्याकडे बघत राहिला. समोरच्याला नेहमी काय ऐकू जायचं आणि काय नाही, हे बहुतेक त्याने त्या दिवशी पहिल्यांदा बाहेरून ऐकलं. मग वळला आणि आत गेला. बोळकांडीतली खुर्ची वाटेत होती, ती त्याने उचलून बाजूला ठेवली. फेकली नाही. मामाच तो.

पुढच्या खोलीत ताई रंगाचं कार्ड धरून उभ्या होत्या. "या काका! आपण छत कुठल्या रंगाचं करणार आहोत? साय की लिंबू?"

"ताई, आता पुरे."

खोलीत खरवडणं थांबलं. प्लंबरभाऊ शिडीवर होता, तो शिडीवरच राहिला.

ताईंनी कार्ड खाली केलं. नियमाप्रमाणे त्यांनी पुन्हा विचारायचं असतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. "काका, नक्की? काही राहिलंय का?"

"राहिलंय," मामा म्हणाला. "पण ते माझं काम आहे. मला करायचंय."

"आमच्याकडून काही चुकलं का?"

हा प्रश्न फार वाईट होता. त्या इतक्या मनापासून विचारत होत्या की आईसुद्धा जिन्यात पुटपुटली, "गेला आता." मामाने घाम पुसला. त्याने दाराकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. नवा, गुळगुळीत, तीन हातांचा रंग.

"हो," तो म्हणाला. "अंगणात भंगार नाही. लोकांची मशीनं आहेत. सव्वीस. चार झाली होती. बाकीची गंजली. शेजारच्या बाईंचं मशीन गंजलं. त्यांचं घर अजून चिखलात आहे. माझ्यामुळे. आणि तुमच्यामुळे."

ताई रंगाच्या डब्यावर बसल्या. एकदम बसल्या, झाकण आत गेलं. कुणी हसलं नाही. मी पण नाही.

"पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?" आता त्यांच्या बोलण्यात "आपण" नव्हतं.

"तुम्ही इतक्या लांबून आला होतात."

"आणि आम्हाला वाटत होतं की तुम्हाला आम्ही जायला नको आहोत," ताई म्हणाल्या. "मी यांना रोज सांगायचे, काकांना एकटं वाटतं, धीर धरा. यांची घरं वाट बघतायत. त्याच्या मुलीला ताप आहे आठ दिवस." त्यांनी शिडीकडे बोट दाखवलं. प्लंबरभाऊ वरूनच म्हणाला, "उतरलाय आता, ताई," आणि स्वतःही उतरला.

पुढचा तास बघण्यासारखा होता. पिशव्या, अंथरुणं, फावडी, डबे, सगळं बाहेर. टेबल मात्र प्लंबरभाऊ आणि आणखी एकाने उचलून पुन्हा खिडकीपाशी ठेवलं. मामा सांगत होता, "थोडं डावीकडे. अजून. बास." प्लंबरभाऊने पान्हा त्याच्या हातात दिला आणि खाली मान घालून म्हणाला, "सॉरी, काका. भंगार म्हणालो."

मामाच्या तोंडून "चालेल" निघता निघता राहिलं. तो म्हणाला, "वाईट वाटलं मला." प्लंबरभाऊने मान डोलावली.

दुपारपर्यंत सगळी जाकिटं काकूंच्या घरात. मंडळाच्या नियमाची काकूंना काय भीती! दुसऱ्याच सकाळी ताईंनी "अजून काय करू?" म्हटल्याबरोबर काकूंनी बोटावर मोजून सात कामं सांगितली आणि वर म्हणाल्या, "आणि रंग नको. वास येतो."

इकडे मामाने काकूंचं मशीन शिकंज्यात धरलं. पहिला दिवस रॉकेल. चाक हललं नाही. बाकीची ओळीने टेबलाजवळ येऊन बसली, काही बरी होती, काहींचं अवघड होतं. एका शिंप्याने दारातून डोकावून विचारलं, "मामा, माझं आधी घेता का? मोठी ऑर्डर आहे."

"नाही. आधी हे."

शिंपी इतका गोंधळला की "बरं" म्हणून चप्पल न घालताच निघाला आणि परत आला.

दुसरा दिवस पुन्हा रॉकेल, मग तेल, मग लाकडी हातोडीने टकटक. हलकी, जशी दारावर ओळखीच्या माणसाने मारावी. मामा मधेच थांबायचा, कान लावायचा. भिंतीपलीकडून फावड्यांचा आवाज यायचा आणि त्यावर काकूंचा: "तिथे नाही हो भाऊ, कोपऱ्यात! कोपरा म्हणजे काय असतो माहितीये ना?"

तिसऱ्या दिवशी दुपारी चाकातून आवाज आला. करकर नव्हे, आणखी आतला, दात खाल्ल्यासारखा. मामाने पुन्हा जोर लावला. चाक बोटभर फिरलं आणि अडलं.

पलीकडची फावडी थांबली. भिंतीतून काकूंचा आवाज आला, "मामा! फिरलं का?"

मामा भिंतीकडे तोंड करून ओरडला. तो असा ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"पूर्ण नाही! दोन दिवस लागतील! आत येऊन चाकाला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो!"

"बरं बरं!" काकू म्हणाल्या. "ओरडता कशाला?"